दीड लाखाचं अ‍ॅडमिशन पॅकेज: तेरा महिने वापरल्यानंतरचा अनुभव

ज्या संस्थेकडून परदेशी प्रवेशाचं पॅकेज घेतलं, गेल्या मंगळवारी त्यांचा मेसेज आला. अभिनंदन, तुमचा फोटो आणि चार ओळी पाठवा, आमच्या पेजवर लावतो. चार ओळींत मावणारं नाही, म्हणून सविस्तर लिहितेय.

संस्थेचं नाव देत नाही, पैशांचं प्रकरण अजून मिटलेलं नाही. पुण्यातली आहे. परदेशातल्या मास्टर्स इन फायनान्ससाठी पाच शाळांचे (म्हणजे बिझनेस स्कूलचे) अर्ज, जीमॅट या प्रवेशपरीक्षेची तयारी, निबंध, रेफरन्स (शिक्षकांची शिफारसपत्रं), मुलाखतीचा सराव, असं पूर्ण पॅकेज. 1,20,000 रुपये, वर 18 टक्के जीएसटी, मिळून 1,41,600. मी सांगलीत एका सीएंच्या ऑफिसात महिना वीस हजारावर काम करते. म्हणजे सात महिन्यांचा पगार. त्यातले निम्मे बाबांनी दिले. बाबा मार्केट यार्डात हळदीच्या अडत दुकानात दिवाणजी आहेत. पुढे कुठे राग जास्त दिसला तर तो या आकड्यामुळे आहे.

आधी जीमॅट, थोडक्यात. पॅकेज घेतलं फेब्रुवारी 2025 मध्ये. हातात पडल्या झेरॉक्सच्या तीन जाड फायली. त्यात सेंटेन्स करेक्शनचे, म्हणजे इंग्रजी वाक्य दुरुस्त करायचे शेकडो प्रश्न आणि भूमितीची पन्नासेक पानं. जीमॅटमधून या दोन्ही गोष्टी कधीच गेल्यात. नवी परीक्षा नोव्हेंबर 2023 मध्ये आली, जुनी 31 जानेवारी 2024 ला बंद झाली. आता क्वांट (गणित), व्हर्बल (इंग्रजी) आणि डेटा इनसाइट्स (तक्ते-आकडे वाचून उत्तरं) असे तीन भाग, प्रत्येकी 45 मिनिटं, निबंध नाही. मला हे कळेपर्यंत पाच आठवडे गेले. सकाळी साडेपाचला उठून मी त्रिकोण सोडवत होते.

दुसरी गोष्ट म्हणजे संस्थेच्या समुपदेशक बाई सतत ‘700 पाहिजेतच’ म्हणायच्या. आताचे गुण 205 ते 805 या पट्टीत असतात आणि प्रत्येक गुणाच्या शेवटी 5 असतो, 700 हा आकडा येऊच शकत नाही. जुनं 700 म्हणजे आताचं साधारण 645. मला ऑगस्टमध्ये 655 मिळाले, तर बाई म्हणाल्या, ‘कमी पडलेत, पुन्हा द्या.’ मी परत फी भरणार होते. आदल्या रात्री जुन्या-नव्या गुणांचा अधिकृत तक्ता उघडून बघितला म्हणून वाचले. तयारीसाठी खरा उपयोग झाला तो परीक्षा घेणाऱ्यांच्याच दोन फुकट सराव परीक्षांचा आणि एका अधिकृत पुस्तकाचा. या भागासाठी कुणालाही पैसे देऊ नका.

शाळांची यादीही अशीच. त्यांनी पहिल्या पाचात केंब्रिजचं एमफिन (मास्टर ऑफ फायनान्स) घातलं. त्याला फायनान्समधला किमान दोन वर्षांचा अनुभव लागतो, माझा तेव्हा चौदा महिन्यांचा होता. लंडन बिझनेस स्कूलमध्ये नव्या पदवीधरांसाठी एमएफए आणि अनुभवी लोकांसाठी एमआयएफ असे दोन वेगळे अभ्यासक्रम आहेत. यादीत नुसतं ‘एलबीएस फायनान्स’ लिहिलेलं. माहितीपत्रकात यूकेत शिकून झाल्यावर दोन वर्षं राहता येतं असं छापलंय. 1 जानेवारी 2027 पासून त्या व्हिसासाठी अर्ज करणाऱ्यांना दीडच वर्ष मिळणार आहे, आणि सप्टेंबर 2026 ला जाणारी मुलं त्यातच येतात. सत्तर-ऐंशी लाखांचं कर्ज फेडायच्या हिशेबात सहा महिने म्हणजे किती, हे ज्याच्या घराचा उतारा बँकेत तारण जाणार आहे त्याला विचारा.

आता मूळ मुद्दा. हे परीक्षण खरं तर यासाठीच लिहितेय.

रेफरन्स. बहुतेक शाळांना दोन पत्रं लागतात, काहींना शिकवणाऱ्यांचीच. अर्जात आपण शिक्षकांचा ईमेल भरायचा, शाळेकडून त्यांना लिंक जाते, ते फॉर्म भरतात आणि पत्र चढवतात. पत्र गोपनीय असतं. आपण ते वाचणार नाही, असंही बऱ्याच अर्जांत लिहून द्यायचं असतं. आणि तिथेच सूचना असते की ईमेल शिक्षकांच्या कॉलेजचा हवा, खासगी नको.

मला पत्र हवं होतं ते संख्याशास्त्र शिकवणाऱ्या सरांचं. आमच्या कॉलेजात कुणालाच कॉलेजचा ईमेल नाही. प्राचार्यांचासुद्धा जीमेल. सातारा, सांगली, कोल्हापूर भागातल्या किती कॉलेजांत वेगळं चित्र असेल? मी हे संस्थेला सप्टेंबरमध्येच सांगितलं. उत्तर आलं, ‘काळजी करू नका, रेफरन्स मॅनेजमेंट आमच्याकडे आहे.’

ते मॅनेजमेंट काय होतं ते ऑक्टोबरमध्ये कळलं. बाईंनी फोनवर अगदी सहज सांगितलं, ‘सरांच्या नावाने कॉलेजसारखं डोमेन (इंटरनेटवरचा पत्ता) घेऊन आम्ही ईमेल उघडतो. पत्र आमची टीम लिहिते, फॉर्मही भरते. सरांना त्रासच नको. सगळ्यांचं असंच करतो.’ मी दोनदा विचारलं, सरांना सांगता का? म्हणाल्या, ‘गरज काय?’

मी ऑफिसच्या जिन्यात उभी राहून बोलत होते. फोन ठेवल्यावर हात थरथरत होते. ज्या माणसानं मला दुसऱ्या वर्षाला स्टँडर्ड डेव्हिएशन समजेना म्हणून रविवारी घरी बोलावून शिकवलं, एक रुपया न घेता, त्याच्या नावाचं खोटं खातं! त्याच्या नावाने सही! आणि हे बिलात स्वतंत्र ओळ टाकून, ‘रेफरन्स मॅनेजमेंट 25,000’.

मी लेखी कळवलं की हे चालणार नाही. मग समजावणी सुरू झाली. सगळे करतात, कुणी तपासत नाही, तुमच्या सरांना इंग्रजी पत्र जमणार नाही. शेवटचं वाक्य मला सगळ्यात लागलं.

शेवटी मीच तीन शाळांच्या प्रवेश कार्यालयांना सरळ मेल टाकला. माझ्या शिक्षकांना कॉलेजचा ईमेल नाही, कॉलेजच्या संकेतस्थळावरच्या प्राध्यापकांच्या यादीत त्यांचा हाच जीमेल दिलाय, ही लिंक, हा कॉलेजच्या ऑफिसचा नंबर. पत्र लेटरहेडवर, शिक्क्यासह देतील. चालेल का? एकीकडून दुसऱ्याच दिवशी हो आलं, दुसरीकडून चार दिवसांनी, तिसरीने हो म्हणून वर कळवल्याबद्दल आभार मानले. बस्स. तीन मेल, फुकट. पंचवीस हजारांचं काम.

मग मी सरांकडे गेले, विश्रामबागला, संध्याकाळी. सर मला ‘लॉगिन करून दे’ म्हणाले आणि लगेच, ‘आता तू आत जा, काकूंकडे बस. हे तू बघायचं नाहीस ना?’ मी स्वयंपाकघरात. काकूंनी भडंग दिलं. बाहेरून टाइप केल्याचा आवाज, एकेक अक्षर, एका बोटाने. पाऊण तासाने सरांची हाक आली, ‘अगं, हे टाइमआउट काय म्हणायलंय?’ सगळं लिहिलेलं गेलं होतं. पोर्टलवर काही वेळ जतन केलं नाही तर पान बंद होतं, हे मला आधी सांगता आलं असतं. मला रडू यायचं बाकी होतं. सर म्हणाले, ‘असू दे.’ कपाटातून शंभर पानी वही काढली, पेनाने आधी वहीत लिहिलं, खोडलं, पुन्हा लिहिलं, मग टाइप केलं. साडेनऊ वाजले. (ज्यांचे शिक्षक फॉर्म भरणार आहेत त्यांनी एवढं करा: मजकूर आधी वेगळ्या फाइलमध्ये किंवा कागदावर, पोर्टलवर नंतर.)

निघताना सर चपला घालून फाटकापर्यंत आले. म्हणाले, ‘एक सांगतो, मनाला लावून घेऊ नको. त्यात एक प्रश्न होता, आजवरच्या विद्यार्थ्यांत ही कुठे बसते. पहिल्या एक टक्क्यात, पाच टक्क्यांत, दहा टक्क्यांत. मी तुला दहात घातलंय. माझ्या हाताखालून गेलेली चार-पाच पोरं तुझ्या वरची होती, मी खोटं कसं लिहू?’

मला वाईट वाटलं नाही. खरंच नाही. संस्थेच्या टीमनं पहिल्या एक टक्क्याच्या खाली काही निवडलंच नसतं.

आणि आता ऐका. जानेवारीत यातल्या एका शाळेतून कॉलेजच्या ऑफिसच्या नंबरवर फोन आला. क्लार्क मामांनी सरांना वर्गातून बोलावून आणलं. तुम्हीच पत्र लिहिलं का, हिला कोणता विषय शिकवला, किती वर्षं ओळखता, एवढंच विचारलं. सरांनी सांगितलं. सात मिनिटं. आता तिथे बनावट डोमेनवरून गेलेलं पत्र असतं तर? सर म्हणाले असते, ‘मी तर असं काही लिहिलेलं नाही.’ अर्ज त्याच दिवशी संपला असता, आणि सरांचं नाव कुठल्या यादीत गेलं असतं देव जाणे. ‘कुणी तपासत नाही’ म्हणणाऱ्यांनी हे वाचावं.

इथपर्यंत मी गेल्या आठवड्यात लिहून ठेवलं होतं आणि पॅकेजला शून्य द्यायचं ठरवलं होतं. पण लिहिताना एक गोष्ट आठवत राहिली आणि ती टाळणं बरोबर नाही. मुलाखतीचा सराव घेणारे गृहस्थ. ते संस्थेचे कर्मचारी नाहीत, तासावर येतात, आधी मुंबईत एका बँकेत ट्रेझरीत होते. त्यांनी माझा निबंध वाचला. बाईंच्या टीमनं दुरुस्त केलेला, ‘लहानपणापासून मला आकड्यांची ओढ होती’ अशी सुरुवात असलेला. त्यांनी कागद बाजूला ठेवला आणि विचारलं, ‘वडील काय करतात?’

मी सांगितलं. मग दीड तास हळद. सौदे कसे निघतात, पैसे किती दिवसांनी येतात, माल कुठे ठेवतात. हरिपूरला हळद साठवायची जमिनीखाली पेवं होती, 2005 च्या पुरात त्यातली बरीच गेली, आता कोल्ड स्टोरेज, आणि त्याचं भाडं शेतकऱ्याच्या हिशेबात कसं बसतं. बाबा दुकानातल्या शेतकऱ्यांना एनसीडीईएक्सवरचा (शेतमालाच्या वायदेबाजारातला) वायद्याचा, म्हणजे पुढच्या तारखेच्या सौद्याचा भाव फोनवर दाखवतात, आणि शेतकरी चिडतात की पडद्यावर भाव वर गेला, माझ्या पोत्याला का नाही? ते म्हणाले, ‘याचं उत्तर तुला येतं?’

मला अर्धवट येत होतं. वायद्याचा करार निजामाबादच्या हळदीवर बांधलेला, आपला माल सांगलीचा, राजापुरी जातीचा. प्रत वेगळी, ठिकाण वेगळं, म्हणून दोन भावांतलं अंतर रोज बदलतं. त्याला बेसिस म्हणतात. वायद्यात विकून ठेवणाऱ्याची भाव पडण्याची भीती जाते, पण हे अंतर बदलण्याची जोखीम त्याच्याकडेच राहते. त्यांनी मला तीन वर्षांचे भाव घेऊन हे अंतर एक्सेलमध्ये काढायला लावलं. बाबांनी दुकानातल्या जुन्या वह्या घरी आणल्या, आम्ही दोघं जेवणाच्या पाटावर बसून आकडे भरत होतो, पहिल्यांदाच एकाच कामावर. निबंध मी नव्याने लिहिला, त्या शेतकऱ्याच्या प्रश्नापासून. काही शाळांच्या व्हिडिओ मुलाखतीत प्रश्न पडद्यावर येतो, विचार करायला मिनिटभरही नसतं आणि पुन्हा रेकॉर्ड करता येत नाही. पण मला घरातलीच गोष्ट सांगायची होती, त्यामुळे अडले नाही. प्रत्यक्ष मुलाखतीत अर्धा वेळ बेसिसवरच गेला.

म्हणून मत बदलतेय. चार तासांचा तो सराव पैसे देण्यासारखा होता. पॅकेज न घेता तेवढाच भाग मिळत असेल तर जरूर घ्या.

निकाल: चार ठिकाणी अर्ज गेले. दोन नकार, एक प्रतीक्षायादी, एका ठिकाणी प्रवेश, फीत काही सवलतीसह. कुठे ते कर्ज मंजूर झाल्यावर सांगेन, घरात आजीलाही अजून सांगितलेलं नाही. पाचवा अर्ज गेलाच नाही, कारण केंब्रिजचं नाव त्यांनी परत न घेता ‘एक शाळा वापरली’ असं मोजलं.

पैशांचं असं. रेफरन्स मॅनेजमेंट मी वापरलं नाही, ते वापरण्यासारखंही नव्हतं. म्हणून 25,000 आणि त्यावरचा जीएसटी 4,500, एकूण 29,500 परत मागितले. उत्तर आलं, ‘सेवा उपलब्ध होती, तुम्ही घेतली नाही.’ 1915 या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली, तिथे त्यांनी हेच उत्तर दिलं. आता जिल्हा ग्राहक आयोगात ऑनलाइन दाखल करतेय. पाच लाखांपर्यंतच्या तक्रारीला फी नाही, वकीलही सक्तीचा नाही. बिल, ती वेगळी ओळ आणि माझे मेल जोडलेत. फोनवरचं बोलणं मी त्याच दिवशी मेलने त्यांना लिहून पाठवलं होतं, आणि त्यांनी ते नाकारलेलं नाही. तुमचं असं काही चालू असेल तर फोनवर ऐकलेलं त्याच रात्री लेखी पाठवत जा.

सर साक्षीला यायला तयार आहेत. मी विचारलं नव्हतं, त्यांनीच परवा फोन करून सांगितलं.