एका खोलीत बसून की ट्रॅक पाठवून?

बरीच वर्षं गिटार घेऊन एकटीच स्वतःची लोकगीतं रचणारी, गाणारी मैत्रीण आता पुन्हा तिघांबरोबर काम करणार आहे. तिचा प्रश्न: गाणी रेकॉर्ड करायला सगळ्यांनी एकत्र बसायचं, की घरून ट्रॅक (ज्याच्या-त्याच्या भागाचं सुटं रेकॉर्डिंग) पाठवायचे?

खर्चात ट्रॅक जिंकतात. एक बरा माइक, ऑडिओ इंटरफेस (माइक कॉम्प्युटरला जोडणारा डबा), हेडफोन, झालं. एकत्र बसायचं तर जागा, प्रवास आणि सगळ्यांच्या तारखा जुळवणं आलं. (तारखाच सर्वात महाग पडतात!)

पण लयीचं काय? एकटं गाणारं माणूस कडव्याच्या शेवटी नकळत रेंगाळतं, श्वास घेतं, मग पुढे जातं. समोर बसलेल्या फिडलवाल्याला (म्हणजे व्हायोलिनवाल्याला) तिचा खांदा उचलला की कळतं. ट्रॅकवर क्लिकला (हेडफोनमध्ये वाजणाऱ्या ठरावीक टकटकीला) बांधून गायलं की ते रेंगाळणं आधी मरतं. क्लिक नसेल तर पुढचा बिचारा चाचपडत वाजवतो. व्हिडिओ कॉलवर एकत्र वाजवायचं तर विसराच. आवाज पोचायला 30 मिलिसेकंदांच्या वर लागले की ताल मागे ओढला जायला लागतो, आणि तिथे उशीर त्याहून बराच जास्त असतो.

खोलीत एकाच्या माइकमध्ये दुसऱ्याचं वाद्य शिरतं, म्हणून चुकलेली एक ओळ बदलणं जिकिरीचं. ट्रॅकमध्ये ती सुटी बदलता येते.

चाल अजून कच्ची असेल तर खोलीच. गाणं पक्कं असून फक्त बेस किंवा कोरस चढवायचा असेल, तर ट्रॅक. मात्र सगळ्या फाइली एकाच सॅम्पल रेटच्या (सेकंदाला आवाजाचे किती नमुने घेतले तो आकडा) आणि गाण्याच्या शून्य सेकंदापासून सुरू होणाऱ्या हव्यात.