फरशीवर फेस आला म्हणजे मळ निघाला असं नाही

दिवाळीच्या आधी कोल्हापुरात आमच्या आर. के. नगर भागात एक छोटा टेम्पो फिरत होता. मागं प्रेशर वॉशर, निळी पाण्याची टाकी, पिवळी कॅनं आणि दोन पोरं. बोलायला गोड. "काकू, एक फरशी फुकट करून दावतो, आवडलं तर पुढं बोलू, न्हाईतर आम्ही चाललो." आमच्या दारात हे घडलं तेव्हा घरी सासू-सासरे दोघंच होते. मी ऑफिसात, हे गोकुळ शिरगावला कामावर. नंतर चौकशी केली तेव्हा कळलं, ज्या ज्या घरात ते शिरले तिथं दुपारची वेळ होती आणि घरात फक्त म्हातारी माणसं होती.

आता त्या फुकटच्या फरशीबद्दल नीट सांगते, कारण सगळी गंमत तिथंच आहे. आमच्या पोर्चला शहाबादी आहे. कोल्हापूरचा पाऊस माहीतच आहे, जूनपासून चार महिने जमीन वाळत नाही. त्यामुळं दिवाळीपर्यंत कोपऱ्यांत हिरवंकाळं शेवाळ धरतं. पोरानं कॅनमधलं पाण्यासारखं काहीतरी फरशीवर ओतलं. लगेच चर्रर्र आवाज करत पांढरा फेस वर आला. "बघा की वो मामा, किती वर्साची घाण हाय ही!" त्यावर मशीनचा फवारा मारला आणि फरशी कोरी करकरीत दिसायला लागली. सासरे खूश.

कॅनमध्ये अ‍ॅसिड होतं. हायड्रोक्लोरिक, संडास धुवायला सुटं मिळतं तेच. शहाबादी म्हणजे चुनखडीचा दगड. त्यावर अ‍ॅसिड पडलं की दगडच विरघळतो आणि कार्बन डायऑक्साइडचे बुडबुडे येतात. म्हणजे फेस येत होता तो मळाचा नव्हता, आमच्या फरशीचा होता! कोटा आणि संगमरवर यांचंही तेच होतं. ग्रॅनाइटवर किंवा आपल्याकडच्या काळ्या दगडावर असा फेस येत नाही. आमच्या पायऱ्या काळ्या दगडाच्या आहेत, शेवाळ तिथंही तेवढंच होतं, पण त्या पोरानं डेमो पायरीवर दाखवला नाही. त्याला दगड ओळखता येत होता, याबद्दल मला शंका नाही.

भाव सांगितला 12 रुपये चौरस फूट. पोर्च आणि बाजूचा बोळ मिळून 300 फूट, म्हणजे 3,600. खिडकीला 150, आमच्या खिडक्या 8, म्हणजे 1,200. एकूण 4,800. मामंजींनी हे वहीत लिहून ठेवलं होतं, आकडे समोर होते. काम चालू असताना एकजण म्हणाला, "कंपाउंडवर पण सहज फवारा मारतो, लई काळं पडलंय." मामंजी म्हणाले, मारा.

संध्याकाळी बिल आलं 21,600. सहज मारलेल्या फवाऱ्याचे आतून-बाहेरून मिळून 900 फूट, 10,800 रुपये. खिडक्या तीन झडपांच्या सरकत्या, तर प्रत्येक झडप वेगळी आणि आतली बाजू वेगळी, म्हणून 8 च्या झाल्या 48, त्याचे 7,200. मामंजी बोलायला लागले तसा टेम्पोच्या केबिनमध्ये बसलेला तिसरा माणूस खाली उतरला. तोपर्यंत तो दिसलाच नव्हता. आवाज चढला, गल्लीतले लोक बघायला लागले. मग त्यानंच समजूत काढली : "जाऊ द्या, तुमी वडीलधारी मानसं, 12,000 द्या, आम्ही सोडून देतो." ठरलेल्या रकमेच्या अडीचपट पैसे देऊन वर आपल्यालाच सूट मिळाली असं वाटावं, अशी ही रचना असते. पैसे मोबाईलवरून घेतले. पावती मागितली तर पॅम्फ्लेटच्या पाठीवर आकडा आणि गिचमिड सही. नाव नाही, पत्ता नाही.

पैशापेक्षा मला जास्त राग आला तो पुढच्या गोष्टीचा. बोळात शेवाळ दाट होतं म्हणून त्यांनी तिथं आधी ब्लीचिंग पावडर टाकली आणि तिच्यावर तेच अ‍ॅसिड ओतलं. या दोन्हींतून क्लोरीन वायू निघतो. स्वयंपाकघराची खिडकी बोळातच उघडते. सासूबाईंना दमा आहे. त्यांना इतका ठसका लागला की शेजारच्या वहिनींनी त्यांना पुढच्या अंगणात आणून बसवलं. पोरं स्वतः तोंडाला रुमाल बांधून होती, मात्र घरात कुणाला सांगावं, खिडकी लावून घ्या म्हणावं, एवढंही त्यांना सुचलं नाही. मी आले तेव्हा वास होताच. हे प्लेटिंगच्या शॉपमध्ये, म्हणजे धातूवर मुलामा चढवतात आणि अ‍ॅसिड रोजचंच असतं तिथं, काम केलेले, गेटात पाऊल टाकताच म्हणाले, "अ‍ॅसिड कुणी वापरलं?"

दोन दिवसांत फरशी वाळली आणि खरा रंग दिसला. पांढुरकी, खरखरीत, हात फिरवला तर पूड लागते. असा खरवडलेला दगड पाणी आणि मळ दोन्ही जास्त धरतो, म्हणजे पुढच्या पावसाळ्यात शेवाळ आधीपेक्षा लवकर येणार. खिडक्यांच्या अ‍ॅल्युमिनियमच्या सेक्शनवर ओघळांचे पांढरे डाग पडलेत, ते पुसून जात नाहीत. काचांवरचे बोअरच्या पाण्याचे ठिपके गेले खरे, पण धूळ न धुताच पातं फिरवल्यामुळं दोन काचांवर ओरखडे आलेत. कंपाउंडचा रंग पोपड्यांनी निघालाय. फरशांच्या सांध्यातलं सिमेंट बऱ्याच ठिकाणी उडालं.

हे सांधे आमच्या नेहमीच्या गवंड्यानं दाखवले, आणि मशीनबद्दलही त्यानंच सांगितलं. मोठ्या वॉशरला वेगवेगळ्या रंगांचे नोझल येतात. लाल शून्य अंशाचं, पाण्याची एकच धार, सुरीसारखी कापत जाते. पांढरं 40 अंशाचं, पंख्यासारखं पसरतं. घरच्या फरशीला पांढरं किंवा हिरवं पुरतं, तेही फूटभर लांबून. यांनी दिवसभर लाल चालवलं, कारण त्यानं काम पटकन उरकल्यासारखं दिसतं. पाणीही आमचंच. टेम्पोतली निळी टाकी रिकामीच होती. अशी मशीन मिनिटाला 7-8 लिटर पाणी सहज ओढते, तासाला चारपाचशे लिटर झालं. गच्चीवरची टाकी संपली तेव्हा "काकू, मोटर लावा की" म्हणून हाक मारली म्हणे!

फरशीला आता मशीन पॉलिश करून घेणं एवढाच मार्ग आहे, आणि त्याचा खर्च या 12,000 पेक्षा जास्त सांगतायत.

शेवाळ काढायला एवढं काहीच लागत नाही. ब्लीचिंग पावडर पाण्यात कालवायची, ओतायची, पंधरावीस मिनिटं थांबायचं, खराट्यानं घासून भरपूर पाण्यानं धुवायचं. अ‍ॅसिड त्या दिवशी घराच्या आसपासही नको. आपली फरशी कुठल्या जातीची हे माहीत नसेल तर कोपऱ्यात लिंबाचे चार थेंब टाकून बघा. बारीक बुडबुडे आले तर चुनखडी, मग कुणी कितीही गोड बोललं तरी कॅन उघडू देऊ नका.

पॅम्फ्लेटवरचा फोन दुसऱ्या दिवसापासून बंद. पैसे ज्या खात्यात गेले त्यावरचं नाव आणि पॅम्फ्लेटवरचं नाव वेगळं. ग्राहक हेल्पलाइनला, 1915 वर, फोन केलाय. जिल्हा ग्राहक आयोगात दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते आणि 5 लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही, पण समोरच्याचं नाव-पत्ता द्यावा लागतो. तोच तर त्यांनी ठेवला नाही. समोरच्या घराच्या कॅमेऱ्यात टेम्पोचा नंबर अर्धवट आलाय, मागच्या फळीवर लटकवलेल्या पाइपानं शेवटचे दोन आकडे झाकलेत. व्यवहाराचा स्क्रीनशॉट, वहीतलं ते पान आणि हे चित्रण पोलीस ठाण्यात अर्जाला जोडून दिलंय.

परवा माझी बहीण म्हणाली की फुलेवाडीत असाच टेम्पो दिसला, पिवळ्या कॅनांचा. त्या बाजूला, आपटेनगरात वगैरे, कुणाचे आईवडील दुपारी एकटे असतील तर आजच फोन करून सांगा. आणि टेम्पो दिसला तर आधी मागच्या नंबरप्लेटचा फोटो काढा, पाइप बाजूला करून.