हिमोटाइप एससी: जी रेघ उमटत नाही, ते हिमोग्लोबिन रक्तात आहे

हिमोटाइप एससी ही बोटातल्या रक्ताच्या थेंबावरून सिकलसेल हा आनुवंशिक रक्तविकार तपासणारी पट्टी. सिकलसेलच्या शिबिरात ती पहिल्यांदा हाती घेणारा हमखास एकाच ठिकाणी चुकतो. गरोदरपणाच्या पट्टीवर रेघ आली म्हणजे 'आहे', ही सवय डोळ्यांत मुरलेली असते. इथे कारभार उलटा. रक्तातलं हिमोग्लोबिन आणि पट्टीवरचं हिमोग्लोबिन एकाच प्रतिपिंडासाठी भांडतात. रक्तात ते असेल तर पट्टीवर रंग धरत नाही आणि रेघ गायब होते.

पट्टी नीट चालली हे सांगणारी कंट्रोलची रेघ सोडली तर पट्टीवर तीन हिमोग्लोबिनांच्या जागा आहेत: ए म्हणजे नेहमीचं, एस म्हणजे सिकलसेलचं आणि सी हा आणखी एक प्रकार. सी मुळात पश्चिम आफ्रिकेतलं. नंदुरबार किंवा गडचिरोलीत सीची रेघ जवळपास दर वेळी दिसणारच. त्यामुळे वाचायला उरतात दोनच जागा, ए आणि एस. एची रेघ गेली, एसची आहे: निरोगी. दोन्ही गेल्या: वाहक, म्हणजे एस एकाच पालकाकडून आलेला. एची आहे, एसची गेली: सिकलसेल रुग्ण. खरी गोम इथेच आहे. कंट्रोलची रेघ धरून निरोगी माणसाच्या पट्टीवरही तीन रेघा आणि रुग्णाच्याही तीनच. रेघा नुसत्या मोजल्या तर घात होतो. कोणत्या जागेवरची गेली, ते किटमधलं चित्र शेजारी धरूनच पाहायचं. फिकट रेघही रेघच धरायची.

कृती सोपी आहे. छोट्या नळीत स्वच्छ पाण्याचे सहा थेंब. बोटाला स्पिरिट लावल्यावर ते पूर्ण वाळू द्यायचं, नाहीतर रक्ताचा थेंब उभा राहत नाही, पसरतो. मग कागदी काडीचं टोक थेंबाला लावायचं. तेवढं टोक भिजलं की पुरे, ते सुमारे दीड मायक्रोलिटर रक्त होतं. काडी पाण्यात फिरवून काढायची, पट्टी उभी सोडायची आणि दहा मिनिटं थांबायचं. टोक अर्धवट भिजलं तर रक्त कमी पडतं आणि ए, एस, सी तिन्ही रेघा तशाच राहतात. असा निकाल आला तर नव्या पट्टीवर पुन्हा करा. कंट्रोलची रेघच नसेल तर ती पट्टी बाद. गर्दीत नळ्यांची अदलाबदल फार होते, म्हणून टोचण्याआधी नळीवर क्रमांक लिहायचा. आणि पावसाळ्यात पट्ट्यांची डबी उघडी ठेवून गप्पा मारायच्या नाहीत.

जुन्या सोल्युबिलिटी चाचणीशी तुलना अटळ आहे, कारण ती अजून सगळीकडे चालते आणि स्वस्त आहे. 2 मिली द्रावणात 20 मायक्रोलिटर रक्त घालायचं, 5 मिनिटांनी नळीमागच्या काळ्या रेघा दिसतात का पाहायचं; एस असेल तर द्रावण गढूळ होऊन त्या दिसत नाहीत. पण गढूळपणा वाहकाचा की रुग्णाचा, ते ती सांगत नाही. सहा महिन्यांखालच्या बाळात आणि खूप रक्त कमी असलेल्या माणसात तिचा 'निगेटिव्ह' धरवत नाही. त्यातलं डायथिओनाइट हे रसायन हवेनं निकामी होतं, म्हणून रोज सकाळी माहीत असलेल्या वाहकाच्या रक्तावर द्रावण तपासावं लागतं. हिमोटाइप नवजातालाही चालते आणि वाहक-रुग्ण वेगळे करते. हा मोठा फरक आहे.

गॅझेल हे बॅटरीवरचं यंत्र आणखी पुढे जातं, हिमोग्लोबिनं विजेनं वेगळी करून टक्केवारी दाखवतं. पण एका नमुन्याला सुमारे 8 मिनिटं लागतात आणि एका वेळी एकच नमुना. पन्नास माणसांना नुसत्या यंत्राचे जवळपास पावणेसात तास. पट्ट्या मात्र मिनिटामिनिटाच्या अंतरानं दहा लावता येतात. यंत्र ग्रामीण रुग्णालयात ठेवावं, उपकेंद्राला पट्टी बरी.

पट्टीच्या मर्यादा मात्र नीट माहीत हव्यात. बीटा थॅलेसेमिया, म्हणजे ए कमी किंवा अजिबात न बनण्याचा आनुवंशिक दोष, तिला दिसत नाही. एका पालकाकडून एस आणि दुसऱ्याकडून हा दोष आला की एस-बीटा; प्लसमध्ये थोडं ए बनतं, झिरोमध्ये बनतच नाही. एस-बीटा प्लसचा रुग्ण तिच्यावर वाहकासारखा दिसतो, एस-बीटा झिरोचा एसएससारखा, म्हणजे दोन्ही पालकांकडून एस आलेल्या रुग्णासारखा. डी-पंजाब हा हिमोग्लोबिनचा प्रकारही ती वेगळा ओळखत नाही. अलीकडे रक्त चढवलेल्या रुग्णातही दात्याच्या एमुळे 'वाहक' दिसेल. म्हणून पट्टीवर वाहक, पण हाडं दुखतात, कावीळ येते, प्लीहा हाताला लागते, अशा माणसाला 'वाहक आहात, काही होत नाही' म्हणून घरी पाठवू नका. रक्त गोठू न देणाऱ्या ईडीटीए नळीत 2 मिली रक्त घेऊन एचपीएलसीला, म्हणजे प्रत्येक हिमोग्लोबिनचं प्रमाण मोजणाऱ्या प्रयोगशाळेतल्या तपासणीला, पाठवा. साध्या वाहकात एसपेक्षा ए जास्त असतं, एस-बीटा प्लसमध्ये उलट. रुग्ण निघालेल्या प्रत्येकाचंही एचपीएलसी करायचंच.

1 जुलै 2023 ला मध्य प्रदेशातल्या शहडोलहून सुरू झालेल्या राष्ट्रीय सिकलसेल मोहिमेत 0 ते 40 वयाच्या सात कोटी लोकांच्या तपासणीचं लक्ष्य ठेवलं गेलं. एवढ्या संख्येला ही पट्टी पुरी पडेल, पण नोंदवहीत 'पॉझिटिव्ह' हा शब्द चालणार नाही. या पट्टीवर त्याचा अर्थ प्रत्येकजण वेगळा लावतो. रकान्यात 'एए', 'एएस' किंवा 'एसएस' लिहा आणि शेजारी कोणती रेघ गेली तेही.