मिडगार: जुनं की नवं?

फोंड्याला आमच्या टोळक्यात 'फायनल फँटसी ७' या व्हिडिओ गेमवरून सरळ दोन तट आहेत: मूळ खेळ भारी की त्याचा नवा रिमेक? चतुर्थीला गणपतीवर फळाफुलांची माटोळी बांधतानाही वाद चालूच.

१९९७ चा मूळ खेळ तीन डिस्कांचा. पात्रं ठोकळ्यांची, हात म्हणजे नुसते खुंटे. पण मिडगारमधून, म्हणजे कथा जिथे सुरू होते त्या शहरातून, काही तासांत बाहेर पडलात की अख्खं जग समोर उघडतं. २०२० च्या रिमेकमध्ये मिडगार हाच सगळा खेळ. तीसेक तास घालवा, वेशीपर्यंतच पोचाल! जुन्या चाहत्यांचं खरं दुखणं हेच. त्यात कथा जुन्याच रुळावर ठेवायला मध्येच घिरट्या घालणारी ती भुतं, माझ्या मते नसती उठाठेव.

लढाईचं म्हणाल तर पूर्वी पात्राची वेळेची पट्टी भरली की मेनूतून हुकूम द्यायचा, आता तलवार स्वतः फिरवायची. पात्र आपोआप लढतं नि आपण फक्त हुकूम द्यायचे असा क्लासिक मोड दिला खरा, पण सुरुवातीला फक्त सोप्या पातळीवर.

नायकाच्या बंडखोर साथीदारांपैकी एक असलेल्या जेसीसाठी मात्र मी नव्याच्या बाजूने. मूळ खेळात ती चार वाक्यं बोलून जाते. इथे तिचं घर, आई, अंथरुणाला खिळलेले वडील दिसतात. मग सेक्टर ७ या वस्तीवर वरच्या शहराची प्लेट, म्हणजे पोलादी तबकडी, कोसळते तेव्हा पोटात गोळा येतो.

नवख्याने आधी जुनाच खेळावा. ती भुतं नेमकं काय अडवतायत, हे त्याशिवाय कळत नाही.