२५ लिटरची टाकी आणि तिच्यात खरोखर राहू शकणारे मासे: वर्षभराच्या वापरानंतर

टाकी ४० सेंटिमीटर लांब, २५ रुंद, २५ उंच. हिशोबाने २५ लिटर. पण तळाची रेती, लाकूड, दगड आणि वर मुद्दाम सोडलेली रिकामी जागा वजा केली की पाणी २० लिटरच्या आसपासच उरतं, तेव्हा पुढचं सगळं २० लिटर धरूनच वाचा. अशा दोन टाक्या वर्षाहून अधिक काळ माझ्याकडे चालू आहेत. एकीत फायटर, एकटाच. दुसरीत आधी एंबर टेट्रा होते, ते मोठ्या टाकीत गेल्यावर चिली रासबोरा आले. गप्पी, निऑन आणि मटार पफर मी स्वतः ठेवलेले नाहीत, पण ओळखीतल्यांच्या टाक्यांत त्यांना बरेच महिने पाहते आहे.

लहान टाकीसाठी सगळीकडे एक ठरलेला हिशोब ऐकायला मिळतो: इंचाला एक गॅलन, म्हणजे अडीच सेंटिमीटर माशामागे पावणेचार लिटर पाणी. हा हिशोब सोडून द्या. मासा लांबीला पाचपट झाला की वजनाला साधारण सव्वाशेपट होतो, आणि त्याचं खाणं आणि घाण लांबीकडे बघून वाढत नाही. दहा सेंटिमीटरचा एक गोल्डफिश आणि दोन-दोन सेंटिमीटरचे पाच रासबोरा या नियमात सारखे ठरतात. तेवढ्या एका गोल्डफिशने २० लिटर पाणी आठवडाभरात खराब करावं, आणि पाच रासबोरांनी टाकीत कुणी आहे हेही पाण्याला कळू देऊ नये, इतका फरक आहे. गोल्डफिश तर दहावर थांबतही नाही. फुगीर पोटाच्या जाती पंधरा-वीस सेंटिमीटर होतात, साधा गोल्डफिश त्याहून मोठा. काच साफ ठेवायला म्हणून दिला जाणारा सकर तीस सेंटिमीटरच्या पुढे जातो. या दोघांबद्दल अधिक लिहीत नाही.

लांबीवरून आणखी एक गोष्ट कळत नाही, ती म्हणजे मासा दिवसभर किती धावतो. निऑन टेट्रा जेमतेम तीन-साडेतीन सेंटिमीटरचा, म्हणून लोक लहान टाकीत सहा-सात सोडतात. ते मरत नाहीत, पण थवा म्हणून पोहतही नाहीत. चार झटक्यांत समोरची काच येते, मग कोपऱ्यात घोळका करून उभे राहतात. त्यांना निदान ६० सेंटिमीटर लांबी हवी. पट्ट्यापट्ट्यांचा झेब्रा मासा तर त्यांच्याहून धावरा. मी वर्षभर पाहिल्यावर एवढंच म्हणेन की ज्या माशाचं मूळ घरच संथ, उथळ आणि पाल्या-गवताने भरलेलं आहे, तोच अशा टाकीत निवांत दिसतो. वाहत्या, मोकळ्या पाण्यातला मासा कितीही बारका असला तरी इथे अडकल्यासारखाच वाटतो.

फायटर या कसोटीला उतरतो. थायलंड आणि आसपासच्या भातखाचरांतला, दलदलीतला हा मासा. कल्ल्यांच्या वर त्याला एक जास्तीचा अवयव असतो, त्यामुळे तो पृष्ठभागावर येऊन थेट हवा घेऊ शकतो आणि कमी प्राणवायूच्या पाण्यातही तगतो. याच गोष्टीचा आधार घेऊन त्याला वाटीएवढ्या बाऊलमध्ये विकलं जातं. खाचरातलं पाणी उथळ असतं हे खरं, पण ते दूरवर पसरलेलं असतं, कोमट असतं आणि त्यात लपायला हिरवळ असते. बाऊलमध्ये यातलं काहीच नाही. हवा वरून घेतली म्हणून अमोनिया कल्ल्यांना जाळायचा थांबत नाही.

माझ्या टाकीत तो २६ अंशांवर आहे, २५ वॉटचा हीटर आणि एअर पंपावरचा स्पंज फिल्टर. हवेचा नळ अर्ध्यावर आणावा लागला, कारण पूर्ण सोडला की लांब शेपटीचा फायटर प्रवाहाशी झगडून दमतो आणि मागच्या पानावर जाऊन आडवा होतो. काही लांब शेपटीचे नर स्वतःचीच शेपटी कुरतडतात. आज नव्याने घ्यायचा झाला तर आखूड पराचा, प्लाकट प्रकारचा फायटर घेईन. तो दिसायला कमी नटवा, पण पोहायला चपळ आणि सांभाळायला सोपा. झाकण हवंच. एक तर तो उडी मारतो, दुसरं म्हणजे पाण्यावरची हवा उबदार आणि दमट राहिली तर त्याच्या श्वासाला बरी. खाद्याचे बारीक दाणे दिवसातून दोनदा, मोजून. त्याला कितीही द्या, तो उपाशीच असल्याचं नाटक करतो.

त्याच्या टाकीत काही चेरी श्रिंपही (बारीक लाल कोळंबी) सोडली होती. मोठ्यांना त्याने हात लावला नाही, पिल्लं मात्र एकही दिसली नाहीत. दुसऱ्या कुणाचा फायटर मोठ्यांनाही फाडून खाईल, ते त्या त्या माशाच्या स्वभावावर आहे. गप्पीसारखा रंगीत, लांब शेपटीचा शेजारी तर त्याला अजिबात देऊ नका.

आता चिली रासबोरा, ज्यांच्यासाठी खरं तर हे लिहायला बसले. बोर्निओतल्या दलदलींच्या, चहाच्या रंगाच्या पाण्यातला मासा, पूर्ण वाढला तरी दोन सेंटिमीटर. आणल्यावर पहिले काही आठवडे फिकट गुलाबी होते आणि लाकडामागून बाहेर येत नव्हते. वर तरंगणारी साल्विनिया वनस्पती दाटली, तळाशी देशी बदामाची वाळलेली पानं पडली, प्रकाश मंद झाला, तेव्हा कुठे लाल रंग भरला. नर एकमेकांसमोर पर ताणून गोल फिरू लागले. हे फक्त थव्यात होतं. दहा-बारा असले तरच त्यांची भीड चेपते, चार-पाच आणले तर तुम्ही रिकामी टाकीच बघत बसाल.

त्यांची उणी बाजू सांगायलाच हवी. तोंड इतकं बारीक की बाजारातली चकती चिमटीत कुस्करून पीठ करावी लागते, आणि आठवड्यातून एक-दोनदा आर्टेमियाची, म्हणजे खाऱ्या पाण्यातल्या बारीक कोळंबीसारख्या जीवाची, पिल्लं द्यावी लागतात. नव्या टाकीत ते तग धरत नाहीत. खोलीच्या दुसऱ्या टोकाहून तर दिसतच नाहीत. आलेला प्रत्येक पाहुणा विचारतो, ‘मासे कुठायत?’ ज्यांना दिवाणखान्याची शोभा हवी आहे त्यांनी हे घेऊ नयेत. खुर्ची ओढून काचेशी बसणाऱ्यांसाठी यांच्याइतकं दुसरं काही नाही.

एंबर टेट्रा हा मधला मार्ग. ब्राझीलच्या आराग्वाया नदीच्या खोऱ्यातला, तोही दोन सेंटिमीटरचा, पण धीट आणि पाण्याच्या बाबतीत बराच समजूतदार. पहिल्यांदाच टाकी मांडणाऱ्याला मी आठ-दहा एंबर सुचवते आणि रासबोरांचा विषय वर्षभराने काढायला सांगते.

नळाला कठीण पाणी असेल तर मात्र या दोघांसाठी रसायनं ओतत बसू नका. पाणी बदलण्यापेक्षा मासा बदललेला बरा. कठीण पाण्यात एंडलर मजेत राहतो. व्हेनेझुएलातला, गप्पीचा सख्खा भाऊ म्हणावा असा, नर अडीच सेंटिमीटरचा. फक्त नरच घ्यायचे. मादी आली की महिन्याभरात पिल्लं, पुढच्या महिन्यात पुन्हा. गप्पीचंही तेच. मादी नराचे शुक्राणू कित्येक महिने साठवून ठेवते, त्यामुळे एकटी मादी आणली तरी सुटका नाही. ओळखीतल्या एका टाकीत तीन गप्पींचे पाहता पाहता इतके झाले की मोजणंच सोडलं. जास्तीचे मासे तळ्यात किंवा ओढ्यात सोडणं हा उपाय नव्हे. गप्पी जगभर कितीतरी ठिकाणी असेच पसरले आहेत आणि तिथल्या माशांच्या मुळावर उठले आहेत.

मटार पफरबद्दल बरेच जण विचारतात. पश्चिम घाटातल्या नद्यांमधला, अडीच सेंटिमीटरचा, दोन्ही डोळे वेगवेगळे फिरवणारा. दिसायला खेळणं, वागायला गुंड. शेजाऱ्यांचे पर कुरतडतो आणि सुकं खाद्य बहुधा तोंडातही घेत नाही, त्याला गोगलगायी आणि जिवंत किंवा गोठवलेल्या अळ्या लागतात. शिवाय निसर्गात त्याची संख्या घटते आहे, आययूसीएन या जागतिक निसर्गसंवर्धन संघटनेच्या यादीत तो असुरक्षित गटात आहे, आणि विकले जाणारे बरेचसे नदीतूनच पकडलेले असतात. घरात वाढवलेली पिल्लं मिळाली आणि टाकी फक्त त्यांनाच दिली, तरच त्याच्या वाटेला जावं.

पाण्याबद्दल थोडक्यात. मासे आणण्याआधी टाकी चार ते सहा आठवडे चालवून घ्यावी, म्हणजे अमोनियाचं नायट्राइट आणि नायट्राइटचं नायट्रेट करणारे जिवाणू स्पंजात वस्तीला येतात. नुसती टाकी फिरत ठेवून ते येत नाहीत, त्यांना चिमूटभर खाद्य टाकून अमोनिया पुरवावा लागतो. चाचणीत पहिले दोन शून्य येईपर्यंत थांबायचं. पुढे दर आठवड्याला चार-पाच लिटर पाणी बदलायचं. उडून गेलेल्या पाण्याच्या जागी नुसती भर घालत राहिलं तर क्षार मागेच राहतात आणि पाणी हळूहळू कठीण होतं. स्पंज धुवायचा तो टाकीतून काढलेल्या जुन्या पाण्यात, नळाखाली नाही. नळाच्या पाण्यात क्लोरामाइन हे जंतुनाशक असेल तर बादली रात्रभर उघडी ठेवून ते जात नाही, ते घालवणारं औषधच घालावं लागतं. मोठ्या टाकीत एखादा मेलेला मासा दोन दिवस नजरेआड राहिला तरी चालून जातं. वीस लिटरमध्ये नाही, म्हणून रोज खाद्य घालताना डोकी मोजायची.

गुण द्यायचेच तर पाचपैकी एंबर साडेचार, चिली रासबोरा चार (तोंडाच्या आकाराचा एक गुण कापला), एकटा फायटर चार, नर एंडलर साडेतीन. दुकानात निवडताना पोट आत गेलेले, पर मिटून घेतलेले किंवा थव्यापासून लांब कोपऱ्यात उभे असलेले मासे घेऊ नका, आणि दुकानदाराला तुमच्यासमोर खाद्य टाकायला सांगा. रासबोरा शक्यतो सगळे एकाच टाकीतून, एकाच वेळी घ्या. ते घरी आणल्यावर पिशवी अर्धा तास टाकीत तरंगू द्या, मग जाळीने मासे उचलून सोडा. पिशवीतलं पाणी टाकीत ओतू नका.