वापरलेला पाच तारांचा बेस: काही महिने वाजवल्यानंतर

बरीच वर्षं चार तारांचा बेस (म्हणजे खर्जातली बेस गिटार) वाजवल्यावर गेल्या काही महिन्यांपासून सेकंड-हँड घेतलेला आयबानेझ एसआर५०५ वाजवतेय. पाचवी तार म्हणजे खालचा बी. तिच्यामुळे ई फ्लॅटपासून बीपर्यंत खर्जात पाच स्वर वाढले. ते सुंदर आहेतच, पण मला विचाराल तर खरा फायदा डाव्या हाताला झाला.

चार तारांवर गाणं ई फ्लॅटमध्ये गेलं की खालचा सा मिळतच नाही, सप्तकभर वर जाऊन वाजवावं लागतं. इथे तो बी तारेच्या चौथ्या फ्रेटवर (मानेवरच्या आडव्या धातूच्या पट्ट्यांपैकी चौथीवर) आहे. गायकाने ऐनवेळी पट्टी उतरवली तरी आता घालमेल होत नाही. शिवाय बी तारेच्या पाचव्या फ्रेटवर ई आणि आठव्यावर जी, हे एकदा अंगवळणी पडलं की सगळी मानच वेगळी दिसायला लागते. ई तारेवर हाच जी तिसऱ्या फ्रेटवर मिळतो, पण तिथे फ्रेट लांब लांब असतात, करंगळी ताणावी लागते. तोच जी आठव्या फ्रेटवरून सुरू केला की सातव्या ते बाराव्या फ्रेटमध्ये, हात जवळपास न हलवता, दोन सप्तकं वाजतात. माझा पंजा लहान आहे, त्यामुळे याचं मोल मला फार वाटतं. बी तारेवर आवाज थोडा गोलसर येतो, त्यातली धार कमी होते. संथ गाण्यात तो फार गोड लागतो. वेगवान गाण्यात मी अजूनही तिसऱ्या फ्रेटवरच जाते.

जुना बेस बघायला जाल तेव्हा सगळ्यात जास्त वेळ बी तारेला द्या. अँपशिवाय मोकळी छेडा आणि सूर शेवटपर्यंत एकसंध टिकतो का ते ऐका. मग बाराव्या फ्रेटवरचा हार्मोनिक (तार न दाबता, बोट नुसतं टेकवून काढलेला स्वर) आणि तिथेच दाबून वाजवलेला स्वर ट्यूनरवर ताडून पाहा. जाड तारेचं सॅडल, म्हणजे तार ज्यावर टेकते तो ब्रिजवरचा सरकता आधार, मागे घ्यावं लागतं. ते आधीच टोकाला टेकलेलं असेल आणि स्वर तरीही चढा येत असेल, तर पुढे काही करायला जागा उरत नाही. पहिला आणि शेवटचा फ्रेट एकाच वेळी दाबून सातव्या-आठव्यापाशी फट बघा: अगदी बारीक फट हवी. माझ्या बेसची मान जास्त वाकलेली होती, पण ट्रस रॉड (मानेचा बाक कमी-जास्त करणारी आतली सळई) व्यवस्थित फिरत होता, म्हणून काळजी वाटली नाही. मालकाच्या परवानगीने पाव फेरा फिरवला आणि तारा खाली आल्या. रॉड जाम असता तर मी परत फिरले असते. आणि हो, तारा कोणत्या लावल्यात तेही विचारा. काही जण पाच तारांच्या बेसवर खालच्या बीऐवजी वरची, म्हणजे उंच सुराची, सी लावतात. १९६५ च्या फेंडर बेस फाइव्हमध्ये तर मुळातच वरची सी होती.

मोकळ्या बीची कंपनसंख्या सुमारे ३१ हर्ट्झ, ईची सुमारे ४१. सरावाच्या छोट्या अँपमधून ३१ हर्ट्झ जवळजवळ बाहेरच पडत नाहीत. आपण ऐकतो ते मुख्यतः ६२ हर्ट्झ आणि त्यावरचे उपस्वर. त्यामुळे बेस घरी नेल्यावर बी पोकळ वाटली तर आधी चांगले हेडफोन लावून ऐका. मोठ्या स्पीकर कॅबिनेटवर पहिल्यांदा ती तार छेडली तेव्हा सूर पायातून वर चढला. इतका आनंद मला कुठल्याही वाद्याने दिला नव्हता.

सवय करायला वेळ लागला तो उजव्या हाताला. ए तारेच्या दुसऱ्या फ्रेटवर बी वाजवला की खालची मोकळी बी सतारीच्या तरफेसारखी आपोआप घुमते. म्हणून वरच्या तारा वाजवताना अंगठा बी आणि ईवर टेकवून, त्यांच्यासोबत सरकवत राहावा लागतो. आधी फक्त संथ स्केल (सरगम) वाजवले, मेट्रोनोम मिनिटाला ६० ठोक्यांवर ठेवून. आता अंगठा विचार न करता जागेवर जातो.

बेसमधला प्रीअँप (आवाज घडवणारं सर्किट) ऍक्टिव्ह आहे, म्हणजे ९ व्होल्टची बॅटरी लागते. केबल खोचलेली असेपर्यंत ती खर्च होत राहते, त्यामुळे वाजवून झालं की केबल काढायची. आवाज फाटायला लागला तर बाकी काही उघडायच्या आधी बॅटरी बदलून बघा.

घेतल्याबरोबर तारा बदलल्या. जुन्या संचातली बी सैल लागत होती, म्हणून .१३० इंच जाडीची लावली. ३४ इंची स्केलवर (नटपासून ब्रिजपर्यंतच्या तारेच्या लांबीवर) ती मला हवी तेवढी ताठ बसते. नटची (मानेच्या टोकाला तारा टेकतात त्या पट्टीची) खाच थोडी रुंद करून घ्यावी लागली, आणि नव्या ताणाने मान हलली म्हणून ट्रस रॉड पुन्हा जुळवला. तारांमधलं अंतर १६.५ मिलिमीटर आहे. बोटांनी वाजवायला मला ते फार सोयीचं पडतं, पण तुम्ही मुख्यतः स्लॅप (अंगठ्याने तार ठोकून) वाजवत असाल तर १८-१९ मिलिमीटरचा बेस आधी हातात घेऊन बघा.