कॅलरी मोजाव्यात की भूक ओळखून जेवावं?

वजन आटोक्यात ठेवायला ॲपवर कॅलरी मोजू की पोटाचं ऐकू, असं एका मैत्रिणीने विचारलं.

मोजल्याने सुरुवातीला डोळे उघडतात. एक मोठा चमचा तेल म्हणजे सुमारे १२० कॅलरी! पण घरच्या स्वयंपाकाचा हिशोब अंदाजपंचेच, आणि रोज नोंदी करायचा कंटाळा येतोच.

भूक ओळखून जेवणं फुकट आणि वर्षानुवर्षं टिकणारं. मात्र पोट भरल्याचा निरोप मेंदूला पोचायला साधारण २० मिनिटं लागतात. भराभर किंवा फोन बघत जेवणाऱ्याला तो कळणार कसा? अर्धं ताट संपलं की जरा हात थांबवून पाहावं.

वजन उतरवायचं असेल, तर काही आठवडे मोजा. आहे ते टिकवायचं, तर भूकच बरी. खाण्याचा विकार होऊन गेलेल्यांनी मात्र आकड्यांच्या नादी लागू नये.